विहीर क्रमांक चौदा

३ मार्च

मोजणी कार्यालयात आज रुजू झालो. टेबल खिडकीशी आहे आणि चहा वेळेवर येतो. निवृत्तीनंतर याहून अधिक मागणे हा लोभ ठरेल. कामाची रीत मनापासून पटली. जमिनीवरील प्रत्येक वस्तूला एक कोड, झाड, खांब किंवा विहीर; आणि कोडाखाली तिचे गुणधर्म: घेर, खोली, उघडी की बुजवलेली. आधी जाती, मग भेद. तर्कशास्त्राच्या वर्गात हेच शिकलो होतो. काठी धरणाऱ्या तात्यांनी विचारले की, भाऊसाहेब, माणसाला कोड का नाही? मी म्हटले, जे हलते ते मोजत नाहीत. ते म्हणाले, मग मला खुशाल मोजा, जेवणानंतर मी हलत नाही.

९ मार्च

माळावरच्या विहिरी मोजल्या. तात्या लांबून ओरडून सांगतात, मी यंत्रात नोंदवतो. यंत्राची एक सोय अशी की, कोड तोच असल्यास मागच्या बिंदूचे गुणधर्म पुढच्याला आपोआप लागतात. फरक असेल तेवढाच बदलायचा. चौदाव्या विहिरीपाशी तात्या काहीतरी ओरडले. वाऱ्यामुळे ऐकू आले नाही. तेरावी बुजवलेली होती, म्हणून चौदावीही तशीच राहिली. बटण दाबले.

१६ मार्च

रस्त्याच्या कामावरच्या रोलरचा ड्रायव्हर आमचा नकाशा घेऊन माळावर गेला. गवतात दडलेली चौदावी विहीर उघडी होती. रोलरसकट आत गेला. नकाशाची प्रतही त्याच्यासोबतच गेली.

सगळे गेल्यावर मी नोंद बदलली. ‘बुजवलेली’चे ‘उघडी’ केले. तारीख नऊचीच ठेवली.

१८ मार्च

ड्रायव्हरची बायको आली होती. काका म्हणाली मला. नोंदीत उघडी असताना ते तिकडे गेलेच कसे, असे विचारत होती. ते तर साध्या बोळातही आधी उतरून बघायचे. साहेबांनी तिला निष्काळजीपणा म्हणून सांगितले आहे. मी म्हटले, नोंद तसेच सांगते. विधान तर्कदृष्ट्या निर्दोष होते. ती गेल्यावर आरशासमोर उभे राहवेना.

तात्या जाताना एवढेच म्हणाले की, उघडी आहे म्हणून मी दोनदा ओरडलो होतो.

२१ मार्च

नकाशात नवा बिंदू. चौदाव्या विहिरीच्या काठावर. कोड रिकामा. उंची १.७० मीटर. अवस्था: ओली. नोंदवणारा: मी.

पुसला.

२३ मार्च

परत आला आहे. विहिरीपासून सहाशे मीटर अलीकडे. तात्या म्हणतात, यंत्र चार दिवस पेटीत आहे, कुलूप मीच लावले.

पुसला.

२४ मार्च

सकाळी पुलावर. दुपारी कार्यालयाच्या फाटकाशी. खाली एक नवा रकाना, आमच्या यादीत नसलेला — हलते का? पुढे लिहिले आहे, होय.

२५ मार्च

साहेबांना सांगायला निघालो. दारातून परतलो. भीतीने नव्हे — लाजेने.

नऊ तारखेच्या पानावर लिहिले आहे, ऐकू आले नाही. ते खोटे आहे. ऐकू आले होते. रकाना पुन्हा उघडण्याचा कंटाळा —

२६ मार्च

जिन्यावर पाणी. बिंदू माझ्या खोलीत.

ड्रायव्हरच्या बायकोला पत्र लिहितो आहे. क्रमाने लिहिले पाहिजे. प्रथम, यंत्राची रीत समजून घ्यावी. दुसरे, त्या दिवशी वारा —

खुर्चीमागे थेंब पडतो आहे.

नाही. कारणे नकोत. मुली, ती विहीर उघडी आहे हे मला सांगितले होते. तरीही नोंद मी —