घाटाखालचं जेट

पीण्या, बेंगळुरू, मंगळवार दुपार

प्रिय अप्पा,

सकाळी गॅरेजात आपल्या गिऱ्हाइकाच्या, प्रणीतच्या गाडीला लॅपटॉप जोडून बसले होते आणि एकदम हात मागं घेतला. तुमच्या हाताखाली शिकलेला दत्ता चहा घेऊन येत होता. त्याला वाटलं, बाईला करंट बसला. करंट परवडला असता हो! गेल्या नोव्हेंबरात चेन्नईच्या ट्रॅकवर तुम्ही बांधलेलं ते इंजिन फुटलं ते तुमच्या हातानं नाही, अप्पा. माझ्या हातानं फुटलं. हे एवढं आधी लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुख्य तेच राहून जाईल.

ते इंजिन आता परत बांधून झालंय. जपानहून इंजिनाचं दुसरं कवच, ते हाऊसिंग, यायला सात महिने लागले. दत्तानं तुमची निळी वही समोर ठेवून, एकेक ओळ बोटानं वाचत बांधलं. तुम्ही शिकवलंत तसंच मग पंधराशे किलोमीटर टर्बोवर जोर न देता चालवायला लावलं. प्रणीत बिचारा रोज जे. पी. नगरहून मारतहळ्ळीला ऑफिसला त्याच गाडीनं जात होता. त्या ट्रॅफिकमध्ये टर्बोला जाग यायचा प्रश्नच नव्हता! आता मला त्याचं ट्यूनिंग नव्यानं करायचं होतं. इंजेक्टर धुऊन मोजले, प्लग नवे घातले, जुनी सेटिंग पुसून टाकली. टर्बोचा दाब अगदी स्वल्प स्वल्प वाढवायचा असं ठरवलं होतं. पिस्टनच्या इंजिनानं अवेळी पेट घेऊन ठोका दिला तर सावरायला वेळ तरी मिळतो. यात पिस्टनच्या जागी तो तिकोनी रोटर, त्याच्या कोपऱ्यांत तुम्ही फट मोजून बसवता त्या बारीक पट्ट्या. पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी लवकर पडली की पट्टी गेलीच, आणि जाताना हाऊसिंगची आतली भिंत ओरबाडून जाते. ह्या खेपेला मला काही म्हणजे काही चुकवायचं नव्हतं. म्हणून प्रणीतला म्हटलं, त्या दिवसाचं ट्रॅकवरचं गाडीच्या कॉम्प्युटरचं रेकॉर्डिंग असेल तर दे. त्यानं पेन ड्राइव्ह आणून दिला. वर्षभर तो त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता आणि मी एकदाही मागितला नव्हता. कशाला मागू? मला तर गुन्हेगार सापडला होता ना.

रेकॉर्डिंग उघडलं. कॉम्प्युटरात एक तक्ता असतो, तुम्हाला दाखवला होता मी. इंजिनात हवा किती दाबानं शिरते, त्याप्रमाणे एकेक रकाना. कुठल्या रकान्यात पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, ते मी भरायचं. आपलं बेंगळुरू तीन हजार फुटांवर. इथं कितीही रेटली तरी गाडी शेवटच्या रकान्यात पोचतच नव्हती. म्हणून मी काय केलं असेल? आदल्या रकान्याचे आकडे उचलले आणि तिथं चिकटवले. रिकामं बरं दिसत नाही म्हणून! समुद्राजवळ हवाच दाट. टर्बोचा काटा तेवढंच दाखवतो, पण आत एकूण हवा जास्त जाते. तिसऱ्या फेरीला, सरळ रस्त्यावर, गाडी त्या शेवटच्या रकान्यात शिरली आणि चार सेकंद तिथंच राहिली. पेट्रोल कमी, ठिणगी लवकर. मग ठोक्यांच्या खुणा, एकापाठोपाठ एक. मग सगळ्या रेघा खाली. मी ते अकरा वेळा बघितलं. दर वेळी वाटायचं, आता वेगळं दिसेल.

आणि तुम्ही मला विचारलं होतं. गाडी ट्रकवर चढवत होतो तेव्हा हात पुसत पुसत विचारलं होतंत, की घाटाखाली नेतेयस, जेट बदललंस का. बेळगावात तुम्ही पोरांच्या मोटारसायकली गोव्याच्या शर्यतींना न्यायचात, चोर्ल्याचा घाट उतरला की कार्बुरेटर उघडून, पेट्रोल जास्त सुटावं म्हणून एक नंबर मोठं जेट घालायचात, ते लहानपणी मी शंभरदा ऐकलंय. आणि मी काय केलं? प्रणीतसमोर हसले. ह्या गाडीला जेट नसतं अप्पा, कॉम्प्युटर असतो, असं म्हणाले. केवढी अक्कल ती! तुम्ही नेमकं तेच विचारत होतात जे मी करायला हवं होतं, फक्त तुमच्या काळच्या शब्दात. तुम्ही नुसतं बरं म्हणावं तसं सरी म्हणालात आणि दोरी आवळायला लागलात.

पुढचं लिहायचं धाडस होत नाही, पण लिहिते. चेन्नईहून परत आल्यावर इंजिन उघडून टेबलावर ठेवलं होतं आणि तुटलेली पट्टी माझ्या तळहातावर होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला पहिल्यासारखं दिसत नाही, फट मोजताना चुकलात, असं मी दत्तासमोर आणि प्रणीतसमोर बोलले. माझ्या आवाजात जोर केवढा होता! तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही चष्मा काढून ती पट्टी उलटसुलट बघितलीत, परत सरी म्हणालात, हात धुतलेत आणि आठ दिवसांत हत्यारांची पेटी घेऊन गावी गेलात. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, अप्पा. स्वतःच्या डोळ्यांवर न ठेवता माझ्यावर. आणि मला, खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं होतं, की चूक माझी नाही.

आज मी दत्ताला जुन्या इंजिनाच्या न तुटलेल्या पट्ट्या शोधायला लावल्या. डब्यात होत्या. दोघांनी तुमच्या वहीतल्या आकड्यांशी ताडून मोजल्या, मग अदलाबदल करून परत मोजल्या. सहांतली एक तुटली होती, उरलेल्या पाचही बरोबर. केसाचाही फरक नाही. दत्ता खाली बसला आणि रडला. मी प्रणीतला बोलावून घेतलं, दोघांसमोर उभी राहिले आणि ज्या जागी तुम्हाला बोलले होते त्याच जागी सांगितलं, की मल्लाप्पा मेस्त्रींचं काही चुकलं नव्हतं. प्रणीतनं एवढंच विचारलं, की हे मेस्त्रींना कधी सांगणार.

तर हे पत्र. फोन केला की तुम्ही तो आईकडे देता, म्हणून दत्ताच्या हातात देतेय. दसऱ्याला तो आजच्या गाडीनं खानापूरला निघालाय. रविवारी आई म्हणाली, खंडेनवमीला पेटीची शेवटची पूजा करून ती यल्लाप्पाकाकांना देऊन टाकायचं तुम्ही ठरवलंय. म्हणे, ज्याला दिसतं त्यानं वापरावी. तेव्हा मी हूं म्हणून फोन ठेवला होता. आता हात जोडून सांगते, पूजा करा, नारळ फोडा, पण पेटी देऊ नका. शेवटचा रकाना मी रिकामा ठेवलाय. तो इथं बसून भरणार नाही, चेन्नईला समुद्रकाठी भरणार, आणि शेजारच्या सीटवर तुम्ही असल्याशिवाय किल्ली फिरवणार नाही. दत्ता सोमवारी परत निघेल, त्याच्याबरोबर या. रागावून या, हवं तर सगळ्यांसमोर माझा कान धरा, पण या. आणि बघा, हे पत्र मी मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलंय. आईला तुम्हीच वाचून दाखवा.

तुमचीच, वर्षभर चुकलेली,
भाग्या