खांड बुजवण्याआधी

प्रिय जीवन,

नोकरी नको असा निरोप धाडायला तुला कमलेश टेम्पोवालाच मिळाला? त्याने तो आधी अख्ख्या नाक्यावर वाटला आणि मग माझ्या दारात आला. म्हणे, "ताई, जीवन बोलला उघाडीवर कुणालाही बसवा, मला नको." अरे, बांध राखणाऱ्या गावकऱ्यांच्या जोळाच्या बैठकीत माणसं तुझ्या नावासाठी भांडली. सहा वर्षं शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली, आता बांध परत उभा राहतोय. उघाडीला कायमचा राखणदार ठेवायचं ठरलं, महिन्याला पगार ठरला. भरतीला उघाडीच्या दारात फळ्या टाकून खाडीचं पाणी अडवायचं, ओहोटीला त्या काढायच्या, हे काम तू चड्डीत होतास तेव्हापासून बाबांच्या मागे फिरून शिकलास. आणि आता तुला नको. तिकडे यार्डात कंटेनर मोजत बसलास तर असा कोणता राजा झालास?

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं शिक्षण, काना-मात्रा चुकेल. हसायचं तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

इथलं सांगते. बांधाचं काम जुन्या जोळासारखंच चाललंय, घरटी एक माणूस. फरक एवढाच, की आता सरकारी योजनेतून हजेरीचे पैसे मिळतात. पूर्वी पुरुष चिखल काढायचे आणि बायका डोक्यावर भाकऱ्या घेऊन यायच्या. आता बायकाही हजेरीवर आहेत. बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, आम्ही कांदळाची झाडं लावतोय. लाट आधी त्यांच्यावर फुटेल, बांधाला मार कमी लागेल. रोपवाटिकेत बावीस बायका आहेत आणि मुकादम मी. आवडाबाई काल म्हणते, "कमळे, नवरा होता तेव्हा त्याच्यावर एवढी ओरडली नाहीस." मी म्हटलं, तो ऐकायचा, तुम्ही ऐकत नाय. सगळ्या हसल्या. मीपण हसले. घरी येऊन जेवले नाही.

काळूरामने त्याचा डंपर नवी मुंबईतून परत आणला, आता बांधाला मुरूम टाकतो. वरच्या आळीतल्या तीन घरांची कुलुपं निघाली. पहिल्या साली लावलेल्या कांदळात चिंबोऱ्या परत यायला लागल्यात. भाताला वेळ लागेल, मातीतलं मीठ धुवायला दोन पावसाळे तरी जातील. पण माणसं थांबायला तयार आहेत, कारण थांबायला आता हाताशी काम आहे. काळूराम चहा पिताना म्हणाला, "सगळे आले, उघाडीवालाच नाय आला. त्याला बोलव ना, आता कोण राग धरतंय?" मी ग्लास धुवायला आत गेले.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. आपल्या हाताने गाव बुडवलं असं तू धरून बसलास. त्या पुनवेला तू सकाळच्या ओहोटीत फळ्या टाकून आलास आणि तापाने घोंगडी घेऊन पडलास. दुपारी बाराच्या उधाणात उघाडीच्या बाजूचा बांध फुटला, खांड पडली. लोक दारात येऊन ओरडायला लागले तेव्हा तू उठलास. डोळे लाल. मला विचारलंस, "ताई, फळ्या मी नीट बसवल्या होत्या ना? सांग ना." मी म्हटलं, मला काय माहीत.

मला माहीत होतं, जीवन.

विनिताशी तुझं लग्न ठरलं होतं, पुढच्या सालासाठी. विनिताच्या माणसांच्या पानात आपल्या तळ्यातला जिताडा पडावा असं माझ्या मनात आलं. उधाणाच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं आत येतात, वर्षभरात हातभर होतात. तू झोपलेलास. मी उघाडीवर गेले आणि दोन फळ्या उचलल्या. उधाणात फळी काढायला जोळाची मनाई, ती मला ठाऊक होती. वाटलं, थोडं पाणी घेऊ, पिल्लं आली की टाकू परत. पण फळी खाली जाईना. पाण्याने ती माझ्या हातातून हिसकावून नेली. कडेची माती सुटायला लागली. पलीकडे बांधावर चार माणसं गवत कापत होती. एक हाक मारली असती तर धावत आली असती. मी हाक मारली नाही. मी घरी पळाले, लुगडं बदललं आणि भात टाकला.

जोळासमोर तू म्हणालास, "तापात होतो, चुकलं असेल माझं." मी बायकांत बसून होते. विनिताच्या बापाने लग्न मोडलं, तेव्हाही गप्प. मी नवरा वारल्यावर माहेरी आले तेव्हा किती दिवस राहणार असं तू एकदाही विचारलं नाहीस, आणि मी तुलाच घराबाहेर जाऊ दिलं. एसटीत चढताना तू मला म्हणालास, "ताई, तू तरी मला माफ कर." त्यालाही मी मान डोलावली.

येत्या शनिवारी अष्टमी. भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, म्हणून त्या दिवशी खांड बुजवायची. त्याआधी जोळ बसेल आणि मी उभी राहून हे सगळं बोलणार आहे. मुकादमी जाईल, जाऊ दे. आवडाबाईचं सगळं शेत गेलं होतं, ती थुंकेल, तेही बरोबरच आहे. पण गावाच्या आधी तुला कळायला पाहिजे होतं, म्हणून हे पत्र. माफी मी मागत नाही, तेवढं तोंड मला नाही. माझ्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नकोस, काळूरामकडे उतर. पण तुझी जागा जोळाने राखून ठेवलीय आणि ती सोडायला तुझं काहीच चुकलेलं नाही. उघाडी तू घेणार की नाही, एवढंच मला शुक्रवारच्या आत कळव.

तुझीच, तुला तोंड न दाखवणारी,
कमळताई