घोडेगावची जया

योगेशच्या बापूंना केशरचा नमस्कार.

फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून कागदावर लिहिते. पुण्यात सगळं ठीक हाय. माझा गुडघाही बरा हाय. सूनबाई मोबाईलवर बोट लावते की कोथिंबीरसुद्धा दारात येते. सोय लई हाय, पण बाजाराला जाणं न्हाई अन् कुणाशी बोलणं न्हाई.

मागल्या आठवड्यात सामान घेऊन एक पोरगी आली. "मावशी, दमानं उचला, लई जड हाय," म्हणाली. बोलण्यावरूनच वळखलं, आपल्याकडची. नाव जया, माहेर घोडेगावचं. मला इतकं बरं वाटलं की तिला हाताला धरून बसवलं अन् चहा टाकला. तिचा मोबाईल सारखा वाजत हुता. "उशीर हुतोय मावशी," म्हणाली, तरी मी आपल्या गावचं, सोनईचं सांगत राहिले. भिडेखातर बिचारी बसली.

काल आली ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "त्या दिवशी पुढचं सामान उशिरा पोचलं. गिऱ्हाइकानं तक्रार केली, माझं काम काही दिवस बंद हुतं." रागानं न्हाई बोलली.

आज पुन्हा तीच आली. मी पिशवी घेतली अन् लगेच दार लावलं. तिच्या भल्यासाठीच लावलं, पण ती जिना उतरेपर्यंत दारामागं उभी हुते.

गाईला वैरण कोण टाकतं? वेळेवर जेवता ना? माझी काळजी करू नका. जमलं तर न्यायला जरा लवकर या.

तुमची,
केशर