चौथा इशारा

३ फेब्रुवारी, होमा बे
पोचलो एकदाचा! किसुमूहून माटाटू मिनीबसमध्ये कोंबून घेऊन निघालो, वाटेत तळलेला मासा खायला उतरलो तर गाडी पसार. दुसरीनं आलो. मासळीच्या कारखान्यात फ्रीजर-खोलीचा कॉम्प्युटर सांभाळायचा. शिक्षण म्हणाल तर सायबर-कॅफेत बसून जमवलेलं. मुकादमीण आविनोमावशी म्हणाल्या, आधीचा तीन महिन्यांत पळाला, तू निदान दाढी फुटेपर्यंत टिक.

५ फेब्रुवारी
प्रोग्रॅम उमगला. दार बंद झालं की तो चार इशाऱ्यांची वाट बघत झोपतो. तीन मांडण्यांतली मासळी गोठली की प्रत्येकीचा एकेक, आणि चौथा आत अडकलेल्या माणसाच्या बटणाचा. तो येतो बटण दाबून धरलं तरच. चारांतला कुठलाही एक आला की दार उघडतं. मालक ओग्वेनोसाहेब वैतागलेत. पहिली मांडणी गोठते, दार उघडतं, तिसरीतली मासळी मऊच. गिऱ्हाईक माल परत धाडतं.

८ फेब्रुवारी
एकच शब्द बदलला. ‘कुठलाही’च्या जागी ‘सगळे’. मासळी दगडासारखी टणक! साहेबांनी पाठ थोपटली. मावशींनी मक्याच्या उगालीबरोबर मोठा तुकडा वाढला, म्हणाल्या, कॉम्प्युटरवाल्या, दिसतोस त्यापेक्षा बरा आहेस. प्रोग्रॅम पुन्हा तपासणार होतो, पण सरोवरात पाणघोडे आले होते. तेच बघत बसलो.

१२ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
इथल्या पंथात शनिवारच विश्रामवार, सगळे चर्चमध्ये. कारखान्यात मी आणि मावशीच. तिसऱ्या मांडणीचा आकडा बघायला वही-पेन्सिल घेऊन आत आलो आणि दार मागं आपोआप बसलं. बटण दाबलं. उघडलं नाही. पुन्हा दाबलं.
मग लक्षात आलं. बटणही त्याच यादीत आहे. आता ते एकटं पुरत नाही. सगळे हवेत. एकाच वेळी. आठ तारखेपासून दार उघडत होतं ते आत बटणावर पेटी टेकलेली होती म्हणून; ती आज सकाळी मीच हलवली.
उणे तीस. अंगात नुसता सदरा.

थोड्या वेळानं
मावशी काचेपलीकडे. मी खुणेनं सांगितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. त्यांनी केला. प्रोग्रॅम उठला, पुन्हा तीच वाट बघत बसला. किती वेळ थांबायचं ते मी त्याला सांगितलंच नाही. वीज तोडून पुन्हा जोडली तरी कडी तशीच. मावशी ओरडल्या, येडपटा, माणसासाठी दार केलंस की माशांसाठी? मग रडल्या. चर्चमधून माणसं आणायला धावल्या.

पहिल्या मांडणीच्या इशाऱ्याचा दिवा लागला. दुसरीचाही.
तिसऱ्या मांडणीची तापमान मोजणारी सुई उपटून गोठलेल्या माशात खुपसावी म्हटलं — निघत नाही — बोटं वळत नाहीत — तिथंच बसलो

माणसं आली. कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात. दार पोलादी

तिसरा लागला! तिन्ही लागले. मावशी हातानं दाखवतायत — बटण, बटण — सहा पावलं
गरम होतंय. सदरा कधी काढला मी
उठतोय. उठलोच आहे, चालतोय — पण वही अजून मांडीवर कशी —