काचेमागच्या रेघा

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून, त्यातून जास्त अर्थ काढू नकोस. मी या घरात आले तेव्हा तू दप्तर घेऊन शाळेत जायचास, म्हणून तुला अरे-तुरे करायची सवय. आता ‘तुम्ही’ म्हणून परकं करावं असं मनात आलं होतं. पण ‘तुम्ही’ म्हणायला थोडा तरी मान शिल्लक असावा लागतो, आणि तो तू त्या बागेतल्या रुळांवर सांडून आलास.

तुझा दादा गेला आणि थोड्याच दिवसांत तू दारात उभा राहिलास. म्हणालास, वहिनी, इंजिन नेतो, इथे गंजून जाईल, तुला काय कळतंय त्यातलं? मी नेऊ दिलं. ह्यांनी दहा वर्षं कानशीनं घासून, डाग देऊन घडवलेलं ते हातभर लांबीचं वाफेचं इंजिन तू कडेवरच्या पोरासारखं नेलंस आणि पोत्यात घालून परत आणलंस. बेलसुद्धा वाजवली नाहीस. पायरीवर पोतं ठेवून गेलास. नंतर लोकांकडून कानावर आलं. हौशी लोक आपली छोटी इंजिनं पळवतात त्या बागेत बॉयलर दगावला, वाफ सगळी खालून आली, तू उडी मारून बाजूला झालास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, दादाचा हात शेवटी शेवटी थरथरायचा हो, बॉयलर कच्चाच राहिला. नाचता येईना अंगण वाकडं, हे ठाऊक होतं. पण अंगण ज्यानं सारवलं तो मेल्यावर त्याच्यावर ढकलणारा तूच पहिला पाहिला.

मला काय कळतंय, ते सांगते. वाचायला मी लग्नानंतर शिकले, दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरून. ह्यांचे दोन्ही हात कामात असायचे, म्हणून बॉयलरची पुस्तकं मी मोठ्यानं वाचायची आणि हे ऐकत घासायचे. शब्द अडला की म्हणायचे, पुढे चल, लोखंड सांगेल त्याचा अर्थ. तू यायचास तेव्हा चहा पिऊन, शिट्टी वाजवून जायचास. सवत काय म्हणते वहिनी, असं इंजिनाकडे बघून विचारायचास. मी हसायची. आता ते हसू परत घ्यावंसं वाटतं.

पोतं उघडलं आणि आधी पोटाखाली हात घातला. आगीच्या बरोबर वर, बॉयलरच्या तळाला शिशाची एक डाट, म्हणजे बूच, असते. वर पाणी आहे तोवर ती टिकते. पाणी संपलं की वितळते आणि वाफ खाली येऊन आग विझवते. ती डाट वितळली होती. म्हणजे बॉयलर कच्चा नव्हता, कोरडा होता. कच्चा असता तर तू हे सांगायला राहिला नसतास. ज्याला तू थरथरणारा म्हणालास, त्याच हातानं बसवलेल्या डाटेनं तुला वाचवलं.

त्यांच्या डब्यात सुटी डाट होती, ती बसवली. बॉयलर काठोकाठ भरून हातपंपानं दाब चढवला, चालवताना असतो त्याच्या दुप्पट. मग चहा केला, प्यायले, कप विसळला. दाबाचा काटा जागचा हलला नव्हता. कच्चा म्हणे!

काल सकाळी मागच्या अंगणात, ह्यांनी घातलेल्या रुळांवर पेटवलं. त्यांचा ॲप्रन खुंटीवर आहे तसाच आहे, तो नाही घातला. सांधे न् सांधे तेल पाजलं. रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा, धुराड्यावर छोटा पंखा, मग दगडी कोळशाचे चण्याएवढे खडे. डोळे इतके चुरचुरले की रडायला निमित्त लागलं नाही. काटा चढला, झडप फुसफुसली. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी सोडायच्या तोट्या उघडायला मात्र मी विसरले. वाफ सोडली तशी धुराड्यानं काळं तेलकट पाणी माझ्या तोंडावर उडवलं. सवत थुंकली शेवटी! तोंड पुसून तोट्या उघडल्या आणि ती चालली, धाकट्या. त्यांच्या शेडपासून माझ्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत आली. तिथे तिला थांबवायला हे नव्हते, म्हणून मीच थांबवलं.

पण त्याआधी मला एक गोष्ट दिसली होती. पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीमागे कागदाची एक पट्टी असायची, तिरप्या काळ्या रेघांची. ती जागा घासून चकचकीत केलेली होती. माणसांत न्यायचं म्हणून तू सगळं पितळ घासलंस आणि तो मळका कागद खरवडून काढलास ना? काठोकाठ भरलेली काच आणि पार रिकामी काच अगदी सारखी दिसते. तू रिकामी काच पाहिलीस आणि भरलेली समजलास. पाण्यामागची रेघ उलटी कलते, एवढ्यासाठीच तो कागद होता. त्या रेघा मी मारल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ह्यांच्या रेघा वाकड्या यायच्या.

हे सगळं तोंडावर बोलून दार लावून घ्यायचं ठरवलं होतं. पण परवा तुझ्या बायकोचा फोन आला. म्हणाली, ह्यांनी स्वतःचं नवं इंजिन घेतलंय, रविवारी बागेत पेटवणार, मागच्या गाडीवर दोन्ही नातवंडांना बसवणार. काचेमागे काही आहे का, विचारलं. ती म्हणाली, नाही हो, नुसती स्वच्छ काच. म्हणून हे पत्र. सोबत पट्टी आहे, नव्यानं रेघा मारलेली. काचेच्या मागे, थोडं अंतर ठेवून लाव. रेघा उलट्या दिसतात तिथवर पाणी. कुठेच उलट्या दिसल्या नाहीत तर आग खाली ओढ आणि पोरांना आधी उतरव. ही माफी समजू नकोस, पोरं माझीही नातवंडं आहेत. आणि बागेतली माणसं चौकस असतात, कोणीतरी विचारेलच, ही रेघांची पट्टी कशाला? तेव्हा उत्तर तुलाच द्यावं लागेल, सगळ्यांसमोर. दादाच्या इंजिनावर ती होती का, हेही विचारतील. मी तिथेच असेन, माझं इंजिन घेऊन.

तुझी, इलाज नाही म्हणून तुझीच,
वहिनी