चौऱ्याहत्तर नंबर पात्र

मी ओथेला मे प्रुइट, कै. एझेल प्रुइट यांची बायको, वय वर्षे शहाऐंशी, राहणार टॅलो क्रीक, मिसिसिपी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकील म्हणाले गुडघ्यांचं कायद्याला काही नाही. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही कापूस वेचून उरलेल्या दिवसांत, तेव्हा अक्षराला हसू नये. याआधी मी काही लिहून ठेवलं असेल ते रद्द.

एक. माझ्या अंत्यविधीला रडगाणी नकोत. जेवण भरपूर ठेवावं. बटाट्याचं सॅलड एझेलच्या बहिणीने करू नये. तिला कारण माहीत आहे.

दोन. माझ्या सुऱ्या. कॅटफिशच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं ओळीत उभी राहिले. मुंडकं उडवणं, कातडं सोलणं, काटा काढणं, जिथे बाई कमी पडेल तिथे मी. त्या तिन्ही सुऱ्या शेजारच्या व्हर्नेल गेट्सबाईला मी आधीच देऊन टाकल्यात, ती साक्षीदार आहे म्हणून. तिने माझं शिलाईचं मशीन चार वर्षांपूर्वी नेलंय. तेही मी तिला देऊन टाकलं, पण ते उसनं होतं हे सगळ्यांना कळावं म्हणून इथे लिहिते.

तीन. हे घर, मागचं पेकानचं झाड, बँकेत असेल ते आणि पांढरी गाडी, सगळं माझा नातू लेव्हॉन प्रुइट याला. त्याला मी तीन वर्षांचा असल्यापासून वाढवलं.

आता लेव्हॉनबद्दल लिहिते. वकील म्हणाले होते, "बाई, इथे फक्त नाव लिहा." पण नुसत्या नावात माझा लेव्हॉन मावत नाही. तो चौदाव्या वर्षीच या दारातून तिरका होऊन यायचा. पुढे फुटबॉलमध्ये गेला, आपल्या इथल्या, चेंडू हातात घेऊन धावायच्या फुटबॉलमध्ये, आणि पैसे देणाऱ्या मोठ्या संघांत सात वर्षं खेळला. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच जणांची भिंत उभी असते, त्या भिंतीतला तो. या पाच जणांना चेंडू मिळत नाही, टाळ्याही मिळत नाहीत. बाकीचे एकेक जागा शिकतात, ह्याला पाचही यायच्या. मधल्याचा घोटा मोडला, लेव्हॉन मध्ये. डाव्या टोकाचा आजारी पडला, लेव्हॉन डावीकडे. एकदा एकाच दुपारी तो चार जागी उभा राहिला. हे मीच त्याला शिकवलं होतं. "ओळीत कुठेही उभी राहते ना, त्या बाईला कारखाना काढत नाही." मला किती आनंद व्हायचा म्हणून सांगू! चर्चमध्ये मी त्याच्याबद्दल इतकं बोलायचे की पाळकसाहेब उपदेश आवरता घ्यायचे.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्यासाठीच हा कागद घेतला.

नऊ वर्षांपूर्वी, त्याच्या चौथ्या हंगामात, मी टीव्हीवर त्याचा सामना बघत होते. टीव्हीचा आवाज मी बंद ठेवते, ते लोक फार बडबडतात. रेडिओवर भजनं लावते आणि चित्र बघते. तर लेव्हॉन मैदानात धावत आला, पंचासमोर उभा राहिला आणि छातीवरून दोन्ही हात वरखाली फिरवले. तोंड वाकडं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. माझा एझेल याच ओसरीवर असाच छाती चोळत गेला. माझ्या हातातली वाटी तिथेच राहिली.

लेव्हॉनला फोन केला तर म्हणाला, "आजी, मी ठणठणीत आहे." एझेलही हेच म्हणाला होता.

सोमवारी मी त्याच्या संघाच्या कचेरीत फोन लावला. डॉक्टरांकडच्या बाईने विचारलं, "तुम्हाला त्यांनी स्वतः सांगितलं का, छातीत दुखतं म्हणून?" मी म्हणाले, "हो, सांगितलं. लपवतोय तुमच्यापासून. माझं नाव घेऊ नका."

त्याने सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलले. नाहीतर त्यांनी म्हातारीचं ऐकलं नसतं.

तीन आठवडे त्याच्या तपासण्या केल्या. हृदय घोड्यासारखं निघालं. पण तोवर त्याच्या जागेवर दुसरा रुळला आणि हंगाम संपताना ह्याला सोडून दिलं. मग तीन वर्षांत चार संघ, आणि मग कुणीच नाही. आता तो इथल्याच शाळेत मुलांना भिंत व्हायला शिकवतो.

आणि ते छाती चोळणं? त्याच वर्षी नाताळच्या जेवणात चर्चमध्ये मी मिठाई वाढत होते. आमचे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, हॉरिस रांग मोडून पुढे घुसले, छातीवरून हात वरखाली फिरवले आणि ओरडले, "हॉरिस पात्र! हॉरिस पात्र!" सगळे खो खो हसले. मी विचारलं, "हे काय हो नवीन?" ते म्हणाले, "ओथेला, लेव्हॉनची आजी ना तू? अगं, भिंतीतल्या माणसाला चेंडू झेलायची परवानगी नसते. कधी टोकाला उभं राहून झेलायचा असेल, तर आधी पंचाला छातीवरच्या नंबरावर हात फिरवून दाखवायचं. मग पंच भोंग्यावर लेव्हॉनचा नंबर सांगतात, चौऱ्याहत्तर नंबर पात्र. भरवशाच्या गड्यालाच देतात ते काम!"

मी पण हसले. मिठाई वाढत राहिले. त्या माझ्या लेकराला मान मिळत होता आणि मी त्याला आजारी ठरवलं होतं. लाज म्हणजे काय ते मला एवढ्या वयात तिथे कळलं, आणि तरी मी नऊ वर्षं गप्प बसले. तो दर रविवारी माझ्याकडे जेवतो. मी त्याला जास्तीचा तुकडा वाढते.

हे सगळं तो माझ्यामागे वाचेल असं ठरवून गेल्या आठवड्यात मी लिहून काढलं आणि साक्षीदार म्हणून व्हर्नेलबाईला बोलावलं. तिने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "ओथेला, मेल्यावर माफी मागणं म्हणजे दार वाजवून पळून जाणं. आधी त्याला सांग, मग मी सही करते."

म्हणून मी लेव्हॉनला फोन केला. सगळं सांगितलं.

"आजी, ती तू होतीस?"

"मीच रे."

"मला एवढंच कळलं होतं की जवळच्या कुणीतरी चुगली केली. मला वाटलं, क्विन्सी."

क्विन्सी टॉलिव्हर हा त्याचा कॉलेजपासूनचा जोडीदार, संघात एकाच खोलीत राहायचा. माझ्या स्वयंपाकघरात दोघांनी मिळून अख्खा हॅम संपवलाय. लेव्हॉनची जागा त्यालाच मिळाली होती.

"आजी, मी त्याच्या लग्नाला गेलो नाही. त्याची आई गेली तेव्हाही गेलो नाही. नऊ वर्षं." आणि फोन ठेवला. त्या रविवारी जेवायला आला नाही.

मग मी मेम्फिसला क्विन्सीला फोन केला. तो म्हणाला, "मला वाटायचं, मी त्याची जागा घेतली म्हणून तो बोलत नाही. मी तरी नाही म्हणायला हवं होतं का, आजी?" मी म्हणाले, "तू काही केलं नाहीस बाळा. साक्षीदार हवाय मला. येशील का?" लेव्हॉनलाही निरोप ठेवला, शनिवारी सकाळी दहा.

आज शनिवार. दोघे आलेत. ज्याला घर मिळणार त्याने सहीच्या वेळी खोलीत थांबू नये असं वकील म्हणाले, म्हणून लेव्हॉन बाहेर पायरीवर बसलाय, दाराकडे पाठ करून. क्विन्सी आत जाळीच्या दाराशी उभा आहे. व्हर्नेलबाई म्हणते, "अगं, किती लिहिशील? कोंबडी गार झाली."

चार. घर लेव्हॉनचंच. त्याने मला माफ केलं तरी, नाही केलं तरी. ही भरपाई नाही. त्याच्या संघातल्या जागेची भरपाई माझ्याकडे नाही. क्विन्सीला मी काही ठेवत नाही, कारण साक्षीदाराला काही देता येत नाही, आणि त्याचं जे गेलं ते बाहेर पायरीवर बसलंय.

क्विन्सी विचारतो, "आजी, मी सही केली की बाहेर जाऊ?" मी म्हणाले, "आत्ताच जा. दार उघडं ठेव. तू सही करताना मला दिसलास म्हणजे झालं."

आता मी सही करते.

ओथेला मे प्रुइट
टॅलो क्रीक, मिसिसिपी
शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार पहिली: व्हर्नेल गेट्स. वरील सही माझ्यासमोर झाली. मशीन उसनं होतं हे कबूल.

साक्षीदार दुसरा: क्विन्सी टॉलिव्हर

व्हर्नेल गेट्स हिची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराने सही ओथेलाच्या डोळ्यांसमोर, उघड्या दाराबाहेर पायरीवर केली. तिथे कागद ठेवायला काही नव्हतं. लेव्हॉन वाकला आणि पाठ पुढे केली. सही वाकडी आली आहे ती पाठ हलत होती म्हणून. ती खरीच धरावी.