ओटीतला इसार

सांगली, ता. ४ मार्च १९४६

चि. अनंतास गोदाक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम असे लिहायची रीत आहे, पण खोटे कशाला लिहू? हरिपुरात जमिनीखालच्या ज्या पेवांत आपली हळद राहते, ती जागा लालासाहेबांकडून विकत घ्यायचे ठरले होते. इसार दिला, कागदही झाला. आता कराडचा एक व्यापारी जास्त भाव देतो म्हणून लालासाहेब फिरले. इसाराच्या दुप्पट घ्या नि मोकळ्या व्हा, असा त्यांचा निरोप आहे. पैसे घेऊन हळद काय उशाशी ठेवू? तशी माती दुसरीकडे नाही. पेवे गेली की आपला धंदा उठलाच. यांची नजर गेल्यापासून व्यवहार मीच पाहते, म्हणून यांना अजून काही बोलले नाही. तुझ्या वकिलीचा बहिणीला उपयोग असेल तर कळव.

तुझी काळजीत पडलेली अक्का

सातारा, ता. ८ मार्च १९४६

ती. सौ. अक्कास अनंताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

उपयोग आहे, फी म्हणून पुरणपोळी चालेल. मोडलेल्या कराराची भरपाई बहुधा पैशाने होते. पण जी वस्तू पैसे टाकूनही दुसरीकडे मिळत नाही, ती वस्तूच द्यायला कोर्ट भाग पाडू शकते. निकाल लागेपर्यंत जागा कराडकराला विकू नये म्हणून मनाई हुकूमही मागता येतो. मात्र असा न्याय मागणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ हवेत. उरलेली रक्कम तयार ठेव आणि त्यांच्याकडून एक पैही घेऊ नकोस. घेतलीस तर सौदा तूच सोडलास असे ते म्हणतील.

दाजींना सांगून टाक. वैशाखात माझ्या लग्नाला हळद तुझ्या पेवातलीच हवी.

तुझा अनंत

सांगली, ता. १२ मार्च १९४६

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आज आले, आणि काल घात झाला. लालासाहेबांच्या विजयमालाबाई येऊन माझी ओटी भरून गेल्या. मागाहून पाहते तो खणानारळाखालच्या पुडक्यात दुप्पट इसार! सवाशिणीने भरलेली ओटी नाकारायची कशी, नि परत तरी कशी करायची? पदर पसरला, म्हणजे माझे हात मळले का रे? फार रडले. शेवटी यांना सगळे सांगितले. रागावतील वाटले होते, तर हे हसायलाच लागले. म्हणाले, ओटी परत करता येत नसेल, पण त्यांची भरता तर येते? त्यांनाही नाकारता यायची नाही.

नारळ घेऊन निघालेच आहे.

अक्का

सांगली, ता. २८ मार्च १९४६

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

विजयमालाबाईंची ओटी भरली, पुडके तसेच त्यांच्या पदरात घातले आणि आत काय आहे ते सांगितले. बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांना नवऱ्याने खडीसाखर म्हणून सांगितले होते! माजघरातूनच त्या लालासाहेबांवर कडाडल्या, आवं, माझ्या हातनं ओटीत घालून सौदा मोडता व्हय? ह्ये आपल्या घरात न्हाई चालायचं! त्यांची मान खाली गेली, तेवढ्यात तू लिहिलेली मनाई हुकमाची गोष्टही मी हळूच ऐकवली. वकिलाची बहीण आहे म्हटले. काल खरेदीखत झाले.

आज पेव उघडले. आत कोंडलेली हवा वाईट, म्हणून माणूस उतरण्याआधी कंदील सोडून तो विझत नाही ना ते पाहतात. यांनी हट्टाने बरोबर येऊन काठाशी माझा हात घट्ट धरला होता. दिवा जळतोय ना गं, म्हणून सारखे विचारत होते. जळतोय म्हणताना मला रडू फुटले, तर यांनी आधी हळदीचा वास घेतला नि मग माझे डोळे पुसले.

तुझ्या लग्नाची हळद त्यातूनच वेगळी काढली आहे. ती यांनी स्वतः चाचपून निवडली. आम्हा दोघांवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का